बोलणे एक, मत दुसरे : अमेरिकेच्या ‘शटडाऊन’मधून आपण काय शिकायचे?

ज्या नेत्याच्या आग्रहामुळे सरकार बंद पडले, तोच नेता बंद पडलेल्या सरकारच्या दारात उभा राहून ‘हे दार कोणी बंद केले?’ असे विचारू शकतो का? अमेरिकेत हे घडले आहे. आणि त्या नेत्याचे फारसे काही बिघडलेही नाही.

२०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस अमेरिकेचे केंद्र सरकार बंद होते. त्या देशाच्या इतिहासातले तोपर्यंतचे हे सर्वांत लांबलेले शटडाऊन. त्या काळात आपल्या मोबाईलवरही अमेरिकन खासदारांचे व्हिडिओ फिरत होते. प्रत्येक जण जनतेसाठी लढत होता आणि प्रत्येकाच्या मते दोषी समोरचा पक्ष होता. आपल्यातले अनेक तरुण हे व्हिडिओ ‘बघा, नेता असावा तर असा’ म्हणून पुढे पाठवत होते. त्या नेत्याने सभागृहात मत कशाला दिले, हे मात्र फार थोड्यांनी तपासले.

म्हणून आम्ही येथे एक जुने, निकाल लागलेले प्रकरण घेत आहोत. त्यातले प्रत्येक मत नोंदलेले आहे. ते प्रकरण म्हणजे २०१३ चे शटडाऊन आणि टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ.

सरकार बंद पडते म्हणजे काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत खर्चाची विधेयके किंवा निदान तात्पुरती मुदतवाढ मंजूर झाली नाही, तर ‘अत्यावश्यक’ सोडून बाकीच्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवले जाते. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना कामावर यावे लागते, पण बहुतेकांचा पगार अडकतो. खासदारांचा पगार मात्र चालू राहतो.

सिनेटमध्ये १०० सदस्य आहेत. चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणायचे तर बहुतेक वेळा ६० मते लागतात. त्यामुळे एकाच विधेयकावर अनेकदा मतदान होते : चर्चा सुरू करायची का, चर्चा थांबवायची का, दुरुस्ती घ्यायची का, आणि शेवटी विधेयक मंजूर करायचे का. शब्द आणि मत यांच्यातली फट याच पायऱ्यांमध्ये लपते.

एकवीस तासांचे भाषण आणि त्यानंतरचे मत

२०१० मध्ये ओबामा सरकारने आरोग्यविम्याचा कायदा केला होता. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहाने अट घातली : सरकार चालवायला पैसा देऊ, पण या आरोग्य कायद्याचा पैसा बंद करा. या मोहिमेचा सिनेटमधला चेहरा होते क्रूझ. तेव्हा त्यांना सिनेटमध्ये येऊन एक वर्षही झाले नव्हते.

२४ सप्टेंबरच्या दुपारी ते बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, २१ तास १९ मिनिटे बोलत राहिले. रात्री आपल्या मुलींसाठी त्यांनी सभागृहातूनच लहान मुलांचे गोष्टीचे पुस्तक वाचले. देशभर चर्चा झाली. ‘एकटा माणूस सत्तेला अडवतो आहे’ हे चित्र लोकांच्या मनात बसले.

पण त्या भाषणाने अडले काहीच नव्हते. पुढचे मतदान कधी होणार हे आधीच ठरलेले होते. भाषण संपले आणि त्याच दिवशी विधेयकावर चर्चा सुरू करण्याचा प्रस्ताव मताला आला. निकाल : १०० विरुद्ध ०. त्या शंभरात क्रूझही होते.

खरे विरोधी मत त्यांनी २७ सप्टेंबरला दिले. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव ७९ विरुद्ध १९ ने मंजूर झाला. क्रूझ त्या १९ मध्ये होते. त्यांच्याच पक्षाच्या अनेक सिनेटरांनी त्यांना साथ दिली नाही. नंतर डेमोक्रॅट बहुमताने आरोग्य कायद्याविरुद्धची अट काढून ५४ विरुद्ध ४४ ने विधेयक परत पाठवले. प्रतिनिधिगृहाने पुन्हा नव्या अटी जोडल्या, सिनेटने त्या पुन्हा फेटाळल्या आणि १ ऑक्टोबर उजाडला. सरकार बंद पडले.

गंमत अशी, की आरोग्यविमा खरेदीची नवी व्यवस्था त्याच दिवशी सुरू झाली. तिचा बराचसा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबून नव्हता. ज्याला थांबवायचे होते ते चालू राहिले, बाकीचे थांबले.

किंमत कोणी मोजली?

सुमारे ८ लाख कर्मचारी सुरुवातीला घरी बसवले गेले. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात नव्या उपचार-चाचण्यांसाठी दर आठवड्याला सुमारे २०० रुग्ण घेतले जात. त्यांना थांबावे लागले, आणि त्यात लहान मुलेही होती. गरीब मुलांच्या ‘हेड स्टार्ट’ या शाळापूर्व योजनेची काही केंद्रे बंद पडली. एका धनाढ्य दांपत्याने १ कोटी डॉलर दिले, तेव्हा सुमारे ७ हजार मुलांची केंद्रे पुन्हा उघडली. गरिबाच्या मुलाचा हक्क श्रीमंताच्या दानावर आला. हे वाक्य आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. अमेरिकेच्या केंद्रीय नोकऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. खाजगी मालकाने दार लावले तेव्हा सरकारी नोकरीने त्यांना मध्यमवर्गात आणले. आपल्या वडिलांच्या पिढीला रेल्वे, टपाल, बँक आणि महापालिकेने जे दिले, तेच तेथे घडले. म्हणून सरकार बंद पडते तेव्हा घाव सगळ्यांवर सारखा पडत नाही. कायम कर्मचाऱ्यांना नंतर थकलेला पगार मिळाला. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या सफाई आणि उपाहारगृहातील कामगारांचे बुडालेले दिवस बुडालेच.

बॅरिकेडसमोरचा कॅमेरा

या काळात बोलणे कसे होते? वॉशिंग्टनमधले दुसऱ्या महायुद्धाचे स्मारकही बंद झाले होते. टेक्सासचेच एक प्रतिनिधी रँडी नॉयगेबॉअर यांनी तेथे ड्युटीवरच्या महिला रेंजरला कॅमेऱ्यांसमोर सुनावले, की तुमच्या खात्याला लाज वाटली पाहिजे. आपल्याला लाज वाटत नाही, असे तिने शांतपणे उत्तर दिले. पैशाला अट घालणाऱ्या बाजूचा खासदार आणि त्या वादात पगार अडकलेली कर्मचारी समोरासमोर होते, आणि जाब विचारला जात होता तिला.

१३ ऑक्टोबरला त्याच स्मारकापाशी माजी सैनिकांचा मोर्चा झाला. क्रूझ तेथे होते. सरकार पैसे खर्चून सैनिकांनाच बाहेर का ठेवते आहे, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न ऐकायला रास्त. पण पैशाचा प्रश्न अडला होता कशावर, याचे उत्तर त्या भाषणात नव्हते.

तीन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, सरकार पुन्हा सुरू करण्याचे विधेयक सिनेटमध्ये ८१ विरुद्ध १८ ने मंजूर झाले. विरोधातल्या १८ मध्ये टेड क्रूझ होते. स्मारक उघडण्याचा मार्ग त्याच विधेयकातून जात होता.

मग ते खोटे बोलले का?

येथे घाई करू नये. २०१८ मध्ये पुन्हा शटडाऊन झाले तेव्हा पत्रकारांनी क्रूझ यांना २०१३ ची आठवण दिली. आपण शटडाऊनला नेहमीच विरोध केला, २०१३ मध्येही सरकारला पैसा देण्याच्या बाजूने वारंवार मत दिले, असे त्यांनी सांगितले.

नोंदी तपासल्या तर यात थोडे तथ्य आहे. प्रतिनिधिगृहाकडून आलेल्या अटीसह प्रस्तावांना त्यांचा पाठिंबा होता. बंदच्या काळात उद्याने, माजी सैनिक, आरोग्य संशोधन यांच्यासाठी सुटी सुटी विधेयके मंजूर करा, असेही ते म्हणत होते. डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी ती नाकारली. म्हणजे ‘मी पैशाच्या बाजूने मत दिले’ हे वाक्य कागदावर सिद्ध करता येते. फक्त वाक्याचा अर्धा भाग गाळलेला असतो : ‘...माझी अट मान्य असेल तर.’

तथागतांनी सांगितलेली सम्यक वाचा केवळ शब्द खरा असण्यावर थांबत नाही. ऐकणाऱ्याला फसवण्याच्या हेतूने सांगितलेले अर्धे सत्य त्या कसोटीला उतरत नाही. बुद्धांचे वर्णन ‘यथावादी तथाकारी’ असे केले जाते : जसे बोलणे तशी कृती. लोकप्रतिनिधीची कृती म्हणजे त्याचे मत.

ही कसोटी एका पक्षासाठी नाही. २०२५ मध्ये अट डेमोक्रॅट पक्षाची होती : विम्याच्या वाढीव सवलतींची मुदत वाढवा, मगच पैसा. त्यांचा हेतू आम्हाला अधिक जवळचा वाटतो. पण हत्यार तेच होते, अडकलेले पगारही तेच. शेवटी त्यांच्या गटातले ८ सदस्य फुटले आणि ६० विरुद्ध ४० ने कोंडी फुटली. हेतू चांगला आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, असे होत नाही.

आणि मतदारांनी शिक्षा केली का? २०१४ च्या निवडणुकीत क्रूझ यांच्या पक्षाने सिनेट जिंकले. २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत आयोवाची पहिली लढत त्यांनीच जिंकली. भाषण लोकांच्या लक्षात राहिले, १८ मधले एक मत विसरले गेले.

आपल्याकडे शटडाऊन का होत नाही?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा फरक समजावला होता. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते. आणि मसुद्याने जबाबदारीची बाजू घेतली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे सरकारला लोकसभेत पैसा मंजूर करून घेता आला नाही, तर सरकार बंद पडत नाही, सरकार पडते. मधल्या काळासाठी अनुच्छेद ११६ मध्ये लेखानुदानाची सोय आहे.

पण आपला आजार वेगळा आहे. तेथे मताची नोंद असते, लोक ती पाहत नाहीत. आपल्याकडे पाहायचे म्हटले तरी नोंदच सापडत नाही. बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. ‘होय’ म्हणणारे ‘होय’ म्हणतात, आणि कोण काय बोलले हे कुठे राहत नाही. २०१८ मध्ये लोकसभेने केंद्राच्या मागण्या आणि वित्त विधेयक गदारोळात चर्चेविना मंजूर केले. २०२० मध्ये राज्यसभेत शेती विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितले, तरी ती आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर झाले. वर दहाव्या परिशिष्टामुळे व्हिपविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते.

महाराष्ट्रातले ताजे उदाहरण घ्या. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी माध्यमांसमोर उघड नाराजी व्यक्त केली. आपल्या अनेक गटांत ती क्लिप कौतुकाने फिरली. आमचा प्रश्न साधा आहे. हा पैसा शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, आपल्या मुलांचा. नाराजी कॅमेऱ्यासमोर दिसली, पण सभागृहात मागण्या मंजूर होताना राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या किती आमदारांनी कपात सूचना दिली? किती जणांनी मतविभाजन मागितले?

संघाची शिकवण

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते, की संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. ठराव, गणसंख्या, व्हिप, मतमोजणी हे सारे भिक्खू संघाला माहीत होते. विनयात ठराव आधी संघासमोर मांडला जातो. महत्त्वाच्या कामात तो तीनदा पुकारला जातो. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. मौन म्हणजे संमती. मतभेद मिटला नाही, तर शलाका वाटून मते मोजली जातात.

हा नियम आपण आपल्या आमदार-खासदारांना लावावा. आवाजी मतदानाच्या वेळी गप्प बसलेला प्रतिनिधी संमती देऊन बाहेर येतो. मग बाहेर तो कितीही ‘जय भीम’ म्हणो.

तरुणांनो, पुढचे अधिवेशन सुरू होईल तेव्हा प्रत्येक तालुक्यात चार-पाच जणांचा गट करा. आपल्या आमदाराने सामाजिक न्याय खात्यावर किती प्रश्न विचारले, कपात सूचना दिली का, मागण्यांवर बोलला का, त्या दिवशी हजर होता का, हे विधिमंडळाच्या कामकाजातून काढा. जे सापडणार नाही ते त्याला लेखी विचारा. एका कागदाच्या डाव्या बाजूला त्याची भाषणे आणि पोस्ट लिहा, उजव्या बाजूला सभागृहातली कृती. तो कागद बुद्ध विहाराच्या फलकावर लावा.

जयंतीला तो हार घालायला येईल, तेव्हा त्याला तो वाचता आला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!