'पाठलाग' पाहिल्यावर

चित्रपटाविषयी लिहावयाचे म्हणजे आम्हांस थोडा संकोच वाटतो. आम्ही वर्षाकाठी दोन-चार चित्रपट पाहणारे. तेही सवड मिळाली आणि घरातल्या मंडळींनी आग्रह केला तर. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांतील बारकावे जाणत्यांनी सांगावेत. परंतु चित्रपट काढले जातात ते मुख्यतः आमच्यासारख्या सामान्य प्रेक्षकांसाठी. तेव्हा त्या प्रेक्षकाच्या मनावर काय उमटले हे त्याने सांगण्यास कोणाची हरकत नसावी.

रहस्यपटांविषयी सुशिक्षित घरांतून सामान्यतः दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे चित्रपट म्हणजे घटकाभराची करमणूक. गुन्हेगार कोण हे कळले की सारे संपले, पुन्हा पाहण्यासारखे त्यांत काही उरत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, भीती आणि संशय यांवर पोसलेले हे चित्रपट मुलांच्या कोवळ्या मनाला अपायकारकच. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. रहस्यपट चांगला की वाईट हे त्यातील रहस्य किती गहन आहे यावर ठरत नाही. रहस्याचा उलगडा झाल्यानंतरही मनात काही प्रश्न शिल्लक राहतो की नाही, यावर ते ठरते. आपले म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही मराठीतील एक जुना, गाजलेला चित्रपट उदाहरणादाखल घेतो.

राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला 'पाठलाग' हा चित्रपट १९६४ साली प्रदर्शित झाला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला असून काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. पुढे १९६६ साली राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' काढला. सुनील दत्त आणि साधना यांचा तो चित्रपट तर देशभर लोकप्रिय झाला. रहस्यपटाचा शेवट सांगू नये असा शिष्टाचार आहे. पण सहा दशके उलटून गेलेल्या या कथेचा शेवट आता घरोघरी ठाऊक आहे, आणि तो सांगितल्याविना आमचा मुद्दाच मांडता येणार नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग पुढील मजकूर वाचावा.

दोन्ही चित्रपटांचे सूत्र एकच आहे. एका नामांकित वकिलाची प्रिय पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तिचे अंत्यसंस्कार होतात आणि तो दुःखात बुडून जातो. अशातच दरोडेखोरांच्या टोळीबरोबर पकडली गेलेली एक स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगू लागते. तिचा चेहरा हुबेहूब तोच आहे. खटला उभा राहतो, वकील स्वतः तिची उलटतपासणी करतो आणि ती भर न्यायालयात त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या संसारातील गोष्टी सांगू लागते. तरीही त्याचा विश्वास बसत नाही. शेवटी उलगडा होतो तो असा : पत्नीला एक जुळी बहीण होती, मरण पावली ती बहीण, आणि न्यायालयात उभी असलेली स्त्री हीच खरी पत्नी.

प्रेक्षक म्हणून आम्हीही 'ती कोण?' या प्रश्नामागे धावलो. परंतु उत्तर मिळाल्यानंतर ध्यानात आले की खरा प्रश्न निराळाच होता. ती कोण हे तर ती पहिल्यापासून सांगत होती! जिच्यावर जिवापाड प्रेम केले तिचा आवाज, तिचे डोळे, तिच्या आठवणी समोर असताना पतीला तिची ओळख का पटू नये? हाच तो प्रश्न. त्याचे उत्तर जुळ्या बहिणीच्या युक्तीने मिळत नाही.

उज्जयिनीत राहणाऱ्यांना तरी हा प्रश्न नवा वाटू नये. ज्या महाकवीच्या नावाने आपल्या गावी १९५८ सालापासून कार्तिकी एकादशीच्या सुमारास कालिदास समारोह भरतो, त्याच्या 'शाकुंतला'चा पाचवा अंक आठवावा. तेथेही पत्नी राजसभेत उभी आहे आणि पती तिला ओळखीत नाही. खुणेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात हरवलेली. मग शकुंतला पुरावा म्हणून एक आठवण सांगते : दीर्घापांग नावाच्या हरिणशावकाने दुष्यंताच्या हातून पाणी घेतले नाही, तिच्या हातून मात्र घेतले. एवढी खाजगी, एवढी कोवळी आठवण! राजा ती ऐकतो आणि स्त्रियांचा उपजत धूर्तपणा म्हणून झिडकारून टाकतो. 'पाठलाग'मधील न्यायालय पाहताना हा अंक ज्यास आठवणार नाही त्याने तो पुन्हा वाचावा.

येथे कालिदासाने एक फार सूक्ष्म गोष्ट दाखविली आहे. शकुंतला सभेत येण्यापूर्वीच अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते आणि राजाचे मन अकारण व्याकूळ होते. कोणाही प्रिय माणसाचा विरह नसताना ही हुरहुर कशाची, हे त्याचे त्यालाच कळत नाही. म्हणजे स्मृती पुसली गेली असली तरी हृदयाने ओळख धरून ठेवलेली आहे. ओळखणे ही एकच क्रिया नव्हे. तिच्यात बुद्धी आणि भावना अशी दोन साक्षीदारे असतात, आणि ती दोघे नेहमी एकच साक्ष देतात असे नाही, हे त्या कवीला दीड हजार वर्षांपूर्वी उमगले होते.

आधुनिक मानसशास्त्रही याच वाटेने गेले आहे. १९२३ साली जोझेफ काप्ग्रा या फ्रेंच वैद्याने आपल्या एका सहकाऱ्यासह एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा असा दृढ समज होता की आपला पती व मुलगी खरी नव्हेत. हुबेहूब त्यांच्यासारखे दिसणारे कोणी तोतये त्यांच्या जागी आणून ठेवले आहेत. या विकारास पुढे त्या वैद्याचेच नाव पडले. त्याची एक उपपत्ती अशी की रुग्णास चेहरा ओळखू येतो, पण त्या चेहऱ्याबरोबर एरवी मनात उमटणारी आपुलकी उमटत नाही; आणि मग 'दिसते तर तसेच, पण हे आपले माणूस नव्हे' असा निष्कर्ष मन काढते. दुष्यंताची स्थिती नेमकी याच्या उलट म्हणावी लागेल. त्याचे हृदय ओळखते, बुद्धी नाकारते.

'पाठलाग'चा नायक आमच्या मते दुष्यंताच्या कुळातील आहे. तो रुग्ण नाही, निर्दयही नाही. पण आपल्या हातांनी चिता पेटविलेल्या माणसाला पुन्हा जिवंत मानावयाचे म्हणजे भोगलेले सारे दुःख खोटे ठरवावयाचे. त्याने आपल्या मृत पत्नीची एक मूर्ती मनात घडविली आहे आणि त्या मूर्तीच्या पावित्र्याला धक्का लागू नये म्हणून तो समोरच्या जिवंत स्त्रीला दूर लोटतो आहे. शोकाचा हा विलक्षण गुण आहे. तो गेलेल्या माणसाला इतके घट्ट धरतो की ते माणूस दारात येऊन उभे राहिले तरी हात मोकळा होत नाही.

आपल्या इतिहासात याची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधीच मान्य केले नाही आणि त्या अखेरपर्यंत सौभाग्यवतीच्या वेषाने राहिल्या. पुढे भाऊसाहेबांचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात मोठेच बंड माजविले आणि ते मोडण्यासाठी पेशव्यांच्या कारभाऱ्यांना महादजी शिंद्यांना धाडावे लागले. त्या महादजींच्या घराण्याची राजधानी १८१० पर्यंत आपल्या उज्जयिनीतच होती, आणि येथील कित्येक मराठी घराणी शिंदेशाहीच्या आश्रयानेच या मातीत रुजली. त्या तोतयामागे हजारो माणसे का गेली असतील? पानिपताचे दुःख कोणासच खरे ठरावयास नको होते. ज्याला भाऊसाहेब परत यावयास हवे होते त्याला तो भाऊसाहेबांसारखा दिसला. तेथे खोट्यास खरे मानले गेले, 'पाठलाग'मध्ये खऱ्यास खोटे. परंतु दोन्हीकडे डोळ्यांनी मनाची चाकरी केली.

आता आमची तक्रार सांगतो. जुळ्या बहिणीची युक्ती कथानकाची गाठ सोडविते, परंतु पतीलाही फार स्वस्तात सोडविते. जणू काही सारा दोष निसर्गाने घडविलेल्या साम्याचा; त्याने जे नाकारले त्याचा जाब त्याला कोणी विचारावयाचाच नाही! दुर्वासाचा शाप हीदेखील अशीच पळवाट नव्हे काय, असे कोणी विचारील. महाभारतात तो शाप नाही. तेथे राजाला सारे आठवत असूनही तो लोकापवादाच्या भयाने नाकारतो. कालिदासाने शाप योजून नायकाचा दोष हलका केला हे खरे. पण त्याने त्याला मोकळे सोडले नाही. अंगठी सापडल्यानंतर सहावा अंक संपूर्ण पश्चात्तापात जातो आणि सातव्यात तो चक्रवर्ती राजा शकुंतलेच्या पाया पडतो. चित्रपटाला मात्र उलगडा झाल्यानंतर एवढी सवड राहत नाही. जिला सर्वांसमक्ष खोटारडी ठरविले, तिने पुढे त्याच घरात कोणत्या मनाने संसार केला असेल? हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की पत्नीने आपल्या बहिणीची गोष्ट पतीला कधी सांगितलेलीच नसते. वाईट मार्गाला लागलेल्या बहिणीचे नाव सांगितले तर आपले सुख नाहीसे होईल हे भय तिला असते. अब्रूच्या भीतीने एखाद्या नातलगाचे नावच न उच्चारणारी घरे आपल्याही ओळखीची असतात. सारा अनर्थ त्या झाकलेल्या दारातून आत येतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. हिंदी चित्रपटात कोणीच विश्वास ठेवीनासे झाल्यावर त्या स्त्रीचे भान सुटते आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. त्या काळी आपल्या देशात १९१२ चा ल्यूनसी ॲक्ट लागू होता. पुढे १९८७ साली नवा कायदा आला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर स्पष्टच म्हटले की एखाद्याचे वागणे समाजाच्या रूढ कल्पनांशी जुळत नाही एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येणार नाही. कायदा सुधारला, परंतु 'तिचे काय ऐकता, तिचे डोके ठिकाणावर नाही' हे वाक्य आपल्या घरांतून, शाळांतून अद्याप हद्दपार झालेले नाही. जो खरे बोलतो आहे त्याला वारंवार खोटे ठरविले तर शहाण्या माणसाचाही तोल जातो. हा बोध या चित्रपटाने केला असेल तर रहस्यपट म्हणजे पोकळ करमणूक हा आक्षेप टिकत नाही.

विद्यार्थिमित्रांनी येथे आपल्या गावच्या वेताळाला आठवावे. लोककथेतला उज्जयिनीचा विक्रमराजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो आणि वेताळ त्याला कथा सांगतो. त्यातली एक तर प्रस्तुत विषयाचीच आहे. एका स्त्रीच्या पतीने व भावाने देवीपुढे आपली मस्तके वाहिली. देवीने त्यांना जिवंत करण्याचा वर दिला, पण गडबडीत तिच्याकडून मस्तकांची अदलाबदल झाली. मग तिचा पती कोणता? विक्रमाने उत्तर दिले, मस्तक हे सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून पतीचे मस्तक ज्या धडावर तोच पती. उत्तर बरोबर होते. तरीही कथा संपली नाही. उत्तर मिळताच प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळू लागले आणि राजाला पुन्हा स्मशानाची वाट धरावी लागली.

चांगल्या रहस्यकथेची आमची कसोटी तीच आहे. तिचे उत्तर हाती आले तरी प्रश्न आपल्या झाडावर परत जातो आणि आपल्याला पुन्हा बोलावतो. तेव्हा यापुढे रहस्यपट पाहताना 'कोणी केले?' एवढेच विचारून थांबू नका. 'कोणाचे कोणी ऐकले नाही?' हेही विचारा. आणि वर्गात, घरात, अंगणात कोणी कळवळून 'मी खरे सांगतो आहे' असे म्हणत असेल, तर निकाल देण्याची घाई न करता आधी त्याचे सारे म्हणणे ऐकून घ्या. वकिलाजवळ तर्क होता, राजाजवळ सत्ता होती. दोघांनाही सवड मात्र नव्हती, आणि ती देण्यास आपणांस काही खर्च पडत नाही.