घामाचा मुलूख आणि परका पोशाख

नारूरकडून रांगण्याला जाणारी वाट, मनोहर-मनसंतोषगडाची चढण किंवा आंबोली घाटाखालच्या रानवाटा यांवर सुटीच्या दिवशी जी तरुण मंडळी दिसतात, त्यांचा पोशाख पाहिला म्हणजे तो निवडताना छायाचित्राचा, सोबत्यांचा आणि जाहिरातीचा विचार झाला असेल, पण ज्या हवेत चालायचे त्या हवेचा मात्र झालेला नसावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. अंगाला चिकटलेला काळा टीशर्ट, त्याच्या पाठभर पसरलेला पथकाच्या नावाचा रबरी छाप, खाली जाड जीन्स आणि कमरेला गुंडाळलेला विंडचीटर हा सारा सरंजाम थंड प्रदेशात कदाचित शोभेल. सिंधुदुर्गात तो धारण करणाऱ्याच्या मुळावर येतो.

घाम येणे ही शरीराची तक्रार नसून त्याने केलेला बंदोबस्त आहे, आणि तो बंदोबस्त घाम गळल्याने नव्हे, तर घाम सुकल्याने तडीस जातो. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून थेंबाथेंबाने मातीत पडला, तर पाणी गेले, मीठ गेले आणि उष्णता मात्र जागच्या जागी राहिली, असा निव्वळ तोट्याचा व्यवहार होतो. आता नागपूरकडे पारा ४४ अंशांवर आणि हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर तापमापकाला ओले फडके गुंडाळून वारा घातल्यावर तो सुमारे २३ अंश दाखवील. उलट मालवणच्या किनाऱ्यावर पारा अवघा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असताना तेच ओले फडके २९ अंशांच्या खाली उतरणार नाही. विदर्भातल्या घराला गारवा देणारा कूलर कोकणात नुसताच ओल का वाढवतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि आकाशवाणीवर ३३ अंश ऐकून निर्धास्त झालेला पाहुणा पहिल्याच चढणीवर का बसकण मारतो, याचेही.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या माणसाच्या अंगावर फारसे वस्त्र नसते आणि त्याला त्याची गरजही नसते, कारण त्याचा घाम सुकवण्याचे काम समुद्रावरचा वारा परस्पर करीत असतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या कोंदट रानात तो वारा पोहोचत नाही. म्हणून तेथे वस्त्रानेच वाऱ्याची तजवीज केली पाहिजे, आणि ती केवळ सैल वस्त्रच करू शकते. कारण सैल सदरा प्रत्येक पावलागणिक हलतो, आतली दमट हवा बाहेर ढकलतो आणि बाहेरची आत घेतो. तंग कपडा कितीही उंची असला, तरी त्याच्या ठायी हा गुण येणार कोठून?

यास्तव सुती की कृत्रिम, हा जो वाद आपल्याकडे हिरिरीने घातला जातो, तो मला दुय्यम वाटतो. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून राहतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. सबब भिजलेले सुती कापड उशिरा सुकते, जड होते आणि जांघांत काचते. पॉलिएस्टर लवकर सुकते खरे, पण ते विरळ विणीचे आणि ढगळ नसेल, तर घामोळ्यांखेरीज पदरात काही पडत नाही. तास-दोन तासांच्या फेरफटक्याला पातळ सुती सदरा उत्तम; दिवसभराच्या चढाईला विरळ विणीचे, झटपट सुकणारे कापड बरे, आणि पिशवीत एक कोरडा सदरा असावाच. जीन्सला मात्र कोणत्याही ऋतूत माफी नाही.

पावसाळ्यात घोटाळा आणखी वाढतो. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन ताणून असे सूक्ष्म छिद्रांचे पटल सिद्ध केले की, त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ बाहेर जाऊ शकते. मात्र ही वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. आणि आषाढातल्या कोकणात बाहेरची हवाच ओथंबलेली असल्याने तो फरक फारसा उरत नाही, परिणामी अशा पटलाचे हजारो रुपयांचे जाकीट घातलेला मनुष्य पावसाऐवजी स्वतःच्या घामाने भिजतो. भातलावणी करणाऱ्या स्त्रीच्या पाठीवरचे बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले पावसाला अडवते, पण अंगाला बिलगत नाही. मधून हवा वाहती राहते. घाटमाथ्यावरच्या सोसाट्याचा अपवाद सोडला, तर साध्या छत्रीतही हाच गुण आहे.

हवा खेळावी म्हणून अर्ध्या चड्डीत रानात शिरावे, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात उद्भवला आणि काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना त्याची झळ पोचली. तो गोचिडींमार्फत पसरतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंतचा, म्हणजे नेमका कोरड्या दिवसांतल्या भटकंतीचा असतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली पातळ सैल विजार आणि गोचीड चटकन दिसावी असा फिका रंग ही येथे चैन नसून खबरदारी आहे.

मोहिमा काढणाऱ्या मंडळांनी आणि सहली नेणाऱ्या शाळांनी एकसारख्या काळ्या टीशर्टाचा शिरस्ता बंद करावा, आणि निघण्यापूर्वी जी सूचनांची यादी वाटली जाते तीत पाण्याच्या बाटलीइतक्याच ठळकपणे पोशाखाची ताकीद द्यावी, अशी माझी सूचना आहे. तथापि वस्त्राची मातब्बरी किती सांगावी, यालाही मर्यादा आहे. वैशाखातल्या ज्या दिवशी पान हलत नाही आणि हवा अंगातली ओल घेण्यास मुळीच राजी नसते, त्या दिवशी बाजारातला कोणताही जिन्नस उपयोगी पडत नाही. त्या दिवशी सूर्योदयाच्या आतच चढण संपवावी, आणि ते साधणार नसेल तर मोहीम खुशाल तहकूब करावी. त्यात कमीपणा कसलाच नाही.