यंत्राचे हात आणि मुदतीचा कामगार

यंत्र आले की मजुराच्या पोटावर पाय येतो, ही ओरड नवी नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालविला, त्याच्या कारणांत एका विणकराच्या गळ्यात दोहोंऐवजी तीन माग घालण्याची योजना हे एक होतेच. आज मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंग यंत्राचे हात करितात. आम्ही यंत्राचे वैरी नाही. त्या धुरात माणसाने डोळे घालवावे, त्यापेक्षा ते काम लोखंडाने केलेले बरे. आमची तक्रार कायद्याविषयी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने, ज्या यंत्रसुधारणेमुळे कामगारकपात संभवते तिची आगाऊ नोटीस देण्याचे बंधन मालकावर कायम ठेविले आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचे वेतन पुनर्प्रशिक्षण निधीत भरावयाचे, हेही ठरविले आहे. ठीक! परंतु त्याच संहितेतील ‘कपात’ या शब्दाची व्याख्या वाचकांनी एकवार पाहावी. ठराविक मुदतीच्या कामगाराची मुदत सरून तो घरी गेला, तर ती कपातच नव्हे! म्हणजे आधी मुदतीची माणसे भरावी, मुदत सरताच त्यांच्या जागी यंत्र बसवावे. नोटीस नाही, निधी नाही, कपातीची भरपाई नाही. वर्ष भरले असल्यास ग्रॅच्युइटीचे चार रुपये मिळतील, एवढेच.

ज्या जागेवर यंत्र आले, त्या जागेची सरलेली मुदत कपात समजावी, अशी दुरुस्ती संसदेने केली पाहिजे. आणि कायम कामगारांच्या संघांनी तोवर आपल्या सभासदांच्या यादीत मुदतीची नावे किती आहेत, हे मोजावे.