'स्वतःस ओळख' या वचनाची अर्धी भक्ति

डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरावर 'स्वतःस ओळख' हें वचन कोरलेलें होतें, हें आपल्याकडे व्याख्यानाला उठणाऱ्या प्रत्येकास पाठ असतें. त्याच्या जोडीलाच 'अति कांहीं नको' हें दुसरें वचन होतें, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. ही निवड निष्पाप नाहीं, असें आम्हांस वाटतें. दुसरें वचन गाळलें म्हणजे पहिल्यांतून हवा तो अर्थ काढतां येतो. कोणी त्यांत मनाप्रमाणें वागण्याचा परवाना वाचतो. कोणी तें थेट अद्वैत्यांच्या आत्मज्ञानाशीं नेऊन भिडवितो. हा दुसरा प्रकार भारदस्त दिसतो, म्हणूनच अधिक घातक आहे. अद्वैती गुरु शिष्याला त्याचें ब्रह्माशीं ऐक्य दाखवितो. डेल्फीचा देव दारीं आलेल्यास बजावतो कीं, बाबा, तूं मर्त्य आहेस, आपल्या पायरीनें रहा!

लिडियाचा राजा क्रीसस याला ही पायरी दिसली नाहीं. इराणच्या सायरसावर स्वारी करावी काय, असें त्यानें डेल्फीस विचारलें. केल्यास एक मोठें साम्राज्य बुडेल, असें उत्तर आलें. कोणाचें, हें विचारावयाचें त्याला सुचलें नाहीं. हिरॉडोटस सांगतो कीं, सँडॅनिस नांवाच्या एका शहाण्या लिडियनानें त्याला आधींच अडविलें होतें: ते लोक कातडीं नेसतात, पाणी पितात, त्यांच्याकडे अंजीरसुद्धां नाहींत, जिंकून मिळणार काय, आणि हरल्यास जाणार किती? राजानें हा हिशेब केला नाहीं. सार्डिस पडलें, आणि बुडालें तें साम्राज्य त्याचेंच.

सॉक्रेटिसानें मात्र हें वचन कामाला लावलें. इलिसस नदीकांठीं फीड्रसनें एका पुराणकथेचा खरेखोटेपणा विचारला, तेव्हां तो म्हणाला कीं, असले उलगडे करावयास आपणांस सवड नाहीं. अजून आपली स्वतःचीच ओळख पटलेली नाहीं. दर महिन्याला जगांतील यच्चयावत् प्रश्नांचा निकाल लावणाऱ्या लेखकांनीं हा प्रसंग अवश्य वाचावा.

मर्यादेचा उपदेश ही दुबळ्यांची सोय आहे, असा आक्षेप वारंवार ऐकूं येतो. आक्षेपकांनीं ख्रिस्तपूर्व ४०६ सालचें अथेन्स पाहावें. आर्गिन्यूसीच्या आरमारी लढाईनंतर सर्व सेनापतींचा एकत्र न्याय करण्याची बेकायदा मागणी उठली, सभा खवळली. राजकारण हें आपलें क्षेत्र नव्हे, हें ओळखून एरवीं त्यापासून दूर राहिलेला सॉक्रेटिस त्या दिवशीं अधिकारमंडळांत होता. सहकाऱ्यांनीं माना तुकविल्या. तो एकटा 'नाहीं' म्हणाला.