‘सापडले नाही’ हीसुद्धा साक्षच



आमच्या सुरतेच्या मंडळीतल्या तरुण संघाने या सुट्टीत एक नवा खेळ हाती घेतला आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन ती शोधायची. डबीत एक लहानशी वही असते. डबी सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची, ती होती तशी जागेवर ठेवायची आणि ॲपवर नोंद करायची. बक्षीस काही नाही. शोधणे आणि सापडणे, एवढाच खेळ.

तो सुरू कसा झाला तेही सांगण्यासारखे आहे. पूर्वी अमेरिकेचे सरकार उपग्रहांच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाचे यंत्र १०० मीटरपर्यंत चुकत असे. २ मे २००० रोजी ही मुद्दाम केलेली चूक बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात रानाच्या कडेला एक बादली ठेवली आणि तिचा पत्ता जाहीर केला. तिथून हा खेळ जगभर पसरला. भारतात तो अजून विरळ आहे आणि आपल्या भागात डब्या मोजक्याच.

आम्ही मंडळीचे स्वयंसेवक या मुलांबरोबर फिरतो. पहिल्या चार फेऱ्यांत एकही डबी सापडली नाही. सुरतेचे ऊन, ट्रॅफिक, सुट्टीतली सकाळची झोप मोडलेली, आणि हाती काही नाही. पाचव्या फेरीला निम्मी मुले आली. दोघांनी तर ॲपच काढून टाकले. “आपल्याला हे जमणारे नाही,” असे त्यातला एक म्हणाला. हा वैताग आम्ही जवळून पाहिला आणि त्यावर आम्हांला एक मत मांडायचे आहे. ते या खेळापुरते नाही.

आधी खेळातल्याच गोष्टी. नवशिक्याला डबी सापडत नाही त्याची कारणे साधी असतात आणि त्यांतली बरीचशी त्याच्या हातात नसतात.

पहिले कारण आकड्यांचे. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत. या खेळात २१ अंश १०.५०० मिनिटे अशी पद्धत चालते. म्हणजे साडेदहा मिनिटे, अर्थात १० मिनिटे ३० सेकंद. पण मोबाइलची मांडणी वेगळी असेल आणि तेच कोणी १० मिनिटे ५० सेकंद असे वाचले, तर माणूस ६०० मीटर लांब जाऊन उभा राहतो. तिथे तो दिवसभर शोधील, पण डबी तिथे नाहीच.

दुसरे कारण उपग्रहांचे. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली जागा कळायला त्यांतल्या किमान चारांचे संदेश मिळावे लागतात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. उंच इमारतींच्या मध्ये संदेश भिंतींवर आपटून येतात, आणि पडद्यावरचा बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे पळतो. डबी ठेवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक असू शकते. म्हणून जाणते खेळाडू शेवटच्या दहा पावलांत मोबाइल खिशात ठेवतात आणि डोळ्यांनी शोधतात.

तिसरे कारण आपल्या शहराचे. खांबामागे, पुलाखाली हात घालून चाचपणाऱ्या पोरांकडे लोक संशयाने बघतात, आणि ते चूक नाही. जुलै २००८ मध्ये सुरतेत ठिकठिकाणी जिवंत बॉम्ब सापडले होते. ते दिवस आठवणारे लोक अजून आपल्या शेजारी राहतात. कोणी विचारले तर खरे सांगावे, मोबाइलवर खेळ दाखवावा, आणि तरी नको म्हणाले तर निघून यावे.

चौथे कारण सगळ्यांत साधे. कधीकधी डबी जागेवर नसतेच. पाण्याने वाहून गेलेली असते, सफाईत उचललेली असते, किंवा ठेवणारा शहर सोडून गेलेला असतो. तापीचे पाणी काय काय नेऊ शकते हे ऑगस्ट २००६ पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. या खेळात दोन प्रकारच्या नोंदी मुख्य आहेत. एक ‘सापडली’, आणि दुसरी ‘सापडली नाही’. पहिलीला हसरा पिवळा चेहरा मिळतो, दुसरीला उदास निळा. नवशिकी मुले पहिली नोंद आनंदाने करतात. दुसरी करतच नाहीत. लाज वाटते. आपल्या नावापुढे उदास चेहऱ्यांची रांग कोणाला हवी? मग ते तीन तास शोधतात, हात हलवत घरी येतात आणि गप्प बसतात. जणू ते गेलेच नव्हते.

पण ही दुसरी नोंदच सगळ्यांत उपयोगाची असते. लागोपाठ तीन-चार जणांनी ‘सापडली नाही’ असे लिहिले, तर डबीच्या मालकाला कळते की जाऊन पाहायला हवे. डबी गेली असेल तर तो नवी ठेवतो किंवा नोंद बंद करतो. पुढे येणाऱ्याला कळते की वेंधळा तो एकटाच नाही. आणि या जागी आपण येऊन गेलो, एवढा वेळ शोधले, हे खुद्द शोधणाऱ्याच्याही हिशेबात राहते. गप्प बसणाऱ्यामुळे मात्र कोणालाच काही कळत नाही. पुढचा माणूस त्याच उन्हात त्याच भिंतीपाशी उभा राहतो आणि स्वतःलाच दोष देतो.

प्रियांनो, हेच आपल्या मंडळ्यांत होते असे आम्हांला वाटते.

उपासनेत साक्षीची वेळ येते तेव्हा कोण उभे राहते? ज्याला नोकरी लागली तो. जिचे ऑपरेशन सुखरूप झाले ती. ज्यांच्या मुलाचा व्हिसा आला ते. देवाची स्तुती असो, या साक्षी हव्यातच. पण त्याच बाकावर असा एक भाऊ बसलेला असतो, ज्याच्या हिऱ्याच्या कारखान्यात गेली दोन-तीन वर्षे मंदी आहे आणि आठवड्यातून चारच दिवस काम मिळते. नवापूर, नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती लाइनने आलेली किती कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोलीला भाड्याच्या खोल्यांत राहतात. घरात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक आणि खाणारी तोंडे सहा. तेही प्रार्थना करतात. गुडघ्यांवर येऊन करतात. त्यांना अजून काही सापडलेले नाही. त्यांनी उभे राहून काय सांगावे?

म्हणून ते काही सांगत नाहीत. पुढे पुढे मागच्या बाकावर बसू लागतात. मग महिन्यातून एकदा येतात. मग आपण म्हणतो, “हल्ली दिसत नाहीत.” त्यांचा विश्वास संपला असे आपण धरून चालतो. पण कित्येकदा विश्वास संपलेला नसतो. आपल्याला सांगण्यासारखे काहीच नाही, एवढेच त्यांच्या मनाने घेतलेले असते. ॲप काढून टाकणाऱ्या त्या दोन मुलांसारखेच.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, अशा साक्षी ऐकून नव्या विश्वासणाऱ्यांचा विश्वास डळमळेल. ही काळजी खोटी नाही. पण पवित्र शास्त्र उघडून पाहा. योहानकृत शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात सात शिष्य रात्रभर मासे धरायला गेले आणि जाळे रिकामे राहिले. पहाटे किनाऱ्यावरून प्रभूने विचारले, तुमच्याजवळ खायला काही आहे का? त्यांनी सबब सांगितली नाही, वारा वाईट होता असे म्हटले नाही. नाही, एवढेच उत्तर दिले. जाळे उजवीकडे टाकण्याची आज्ञा त्यानंतर आली आणि १५३ मासेही त्यानंतरच आले. किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू आहे हे तेव्हा त्यांना ठाऊकही नव्हते. अनोळखी माणसालासुद्धा त्यांनी खरे तेच सांगितले.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफ बारा वर्षांच्या येशूला नातलगांत आणि ओळखीच्यांत शोधतात. तो सापडत नाही. सापडला नाही म्हणूनच ते मागे फिरून यरुशलेमेस जातात आणि तीन दिवसांनी तो मंदिरात भेटतो. आणि स्तोत्रसंहिता? तिथे देवाला थेट तक्रार करणारी कितीतरी स्तोत्रे आहेत. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. तरी ते शास्त्रातून कोणी गाळले नाही. देवाच्या लोकांनी ‘सापडले नाही’ अशी नोंद शतकानुशतके उपासनेत मोठ्याने वाचली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘सापडली नाही’ ही नोंद म्हणजे कुरकुर नव्हे. चांगल्या नोंदीत माणूस लिहितो: अमुक दिवशी आलो, एवढा वेळ शोधले, इथे-इथे पाहिले, पुन्हा येईन. ‘हा खेळच खोटा आहे’ असे तो लिहीत नाही. साक्षही तशीच असावी. “एप्रिलपासून कामासाठी प्रार्थना करतो आहे. तीन ठिकाणी जाऊन आलो. अजून मिळाले नाही. प्रार्थना सोडलेली नाही. माझ्यासाठी तुम्हीही करा.” एवढे पाच वाक्यांत सांगता येते. ते ऐकणाऱ्यांत एखादा असा असेल की ज्याच्या कारखान्यात माणूस हवा आहे. मालकाला कळल्याशिवाय तो डबी बदलणार कशी? मंडळीला कळल्याशिवाय ती ओझे वाहणार कसे?

अशा वेळी एक सोपे सांत्वन तोंडावर येते. डबी नाही सापडली तर काय झाले, भटकंती झाली ना, वाटेत आनंद मिळाला ना! आम्हांला हे पटत नाही. मुले डबीसाठी गेली होती. भाऊ नोकरीसाठी प्रार्थना करतो आहे, अनुभवासाठी नव्हे. त्याला हवे ते मिळाले नाही, हे आधी मान्य करू या. लूकच्या १५ व्या अध्यायातल्या बाईचे एक नाणे हरवले, तेव्हा बाकीची नऊ आहेतच की, असे ती म्हणाली नाही. तिने दिवा लावला, घर झाडले आणि सापडेपर्यंत शोधले.

म्हणून आमची सर्व मंडळ्यांना नम्र सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी साक्षीच्या वेळेत ‘अजून नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दहा मिनिटे ठेवावीत. पाळकसाहेबांनी किंवा वडिलांनी आधी त्यांच्याशी बोलून घ्यावे. कोणावर जबरदस्ती नको. ज्याला उभे राहायचे नसेल त्याने चिठ्ठी द्यावी. ऐकल्यावर लगेच उपदेश करू नये. प्रार्थना करावी, आणि सोमवारी फोन करावा.

आणि तरुण संघाच्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी. कठीणपणा एक आणि वाट एक, असे लिहिलेली डबी आधी निवडा. हे आकडे एक ते पाच असतात. ती शेवटची कधी सापडली ती तारीख पाहा. वर्षभर कोणालाच मिळालेली नसेल तर पहिल्या फेरीला ती नको. आकड्यांची मांडणी निघण्यापूर्वीच तपासा. इशारा वाचण्यात कमीपणा नाही, तो त्यासाठीच दिलेला असतो. एकटे जाऊ नका. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज कबरस्तानासारख्या संरक्षित जागी दगड हलवू नका. सरावासाठी मंडळीच्या आवारात, पाळकसाहेबांच्या परवानगीने, आम्ही तीन डब्या लपवणार आहोत.

आणि नाही सापडली, तर त्याच संध्याकाळी तसे लिहा. उदास चेहरा लागला तर लागू द्या. तुमच्यामागून येणारा तो पाहील आणि त्याला कळेल की इथे आपल्याआधी कोणीतरी उन्हात उभे होते.

प्रभू आपणा सर्वांना शोधण्याचे बळ आणि खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमेन.