शिळा मान्ना

वाचकहो, आज जरा कडू लिहिणार आहे. आमच्या घरातली माणसंही हे वाचतात. त्यांनी पाण्याचा पेला जवळ ठेवून मगच पुढे जावं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या चर्चचा वर्धापनदिन झाला. देवळाला रंग दिला, मांडव घातला, स्मरणिका काढली, जेवणावळ झाली. माझं भाषण नेहमीचंच होतं, 'आपले पूर्वज'. गेली वीसेक वर्षं मी तेच करते आहे. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी, १८३१ साली नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) घातलेलं ठाणं, १८४२ साली निघालेला 'ज्ञानोदय', सिंथिया फॅरारबाईंनी मुलींना दिलेलं शिक्षण, मग रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई... शेवटी मिशनच्या शाळेनं कुणाकुणाच्या लेकरांना पाटीवर बसवलं ते सांगायचं आणि आवाज थोडा कापरा करायचा. टाळ्या हमखास! जन्मभर मास्तरकी केली, कुठे थांबायचं ते कळतं.

जेवणाच्या वेळी एक मुलगा माझ्याजवळ आला. सातवीतला आहे. त्याची आई देवळाची झाडलोट करते. ताट हातात धरून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितली ती शाळा कुठंय? फी नसते ना तिथं? आई विचारते, मला घेतील का?"

मला घास गिळेना. काय सांगू त्याला? बाळा, ती शाळा कधीच बंद पडली, तिच्या दोन खोल्यांना कुलूप आहे आणि आत मांडवाच्या खुर्च्या भरल्या आहेत?

मुलाला मराठीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला. बोट ठेवून, अडखळत, ओळ संपेपर्यंत पहिला शब्द विसरत वाचला त्यानं. सातवीत!

पंचांच्या पुढच्या सभेत मी किल्ली मागितली. एक खोली द्या, संध्याकाळी दीड तास मुलांना शिकवते, पगार नको, फक्त दिवा आणि सतरंजी लागेल. उत्तर मिळालं, "बाई, त्या खोलीत जुन्या फोटोंचं दालन करायचं ठरलंय. तुम्हीच तर यादी दिलीत." खरं आहे. यादी माझ्याच अक्षरात होती. बंद पडलेल्या शाळेचं दालन करायचं म्हणून शाळेला जागा नाही!

तेव्हापासून मला निर्गमातला मान्ना आठवतो आहे. इस्राएल लोकांना रानात रोजचं अन्न रोज मिळे, आणि ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. लहानपणी शब्बाथ शाळेत मला वाटे, देवानं एवढं रागवायचं काय कारण? साठवणं हा तर सद्गुण! आता पंचाहत्तरीला कळतं. कालच्या कृपेवर आज पोट भरत नाही. आपण मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मान्नाचा डबा उघडून वास घेतो आहोत आणि एकमेकांना सांगतो आहोत, काय चव होती म्हणून!

आणि ज्यांचे फोटो लावायचे ते कसे होते? टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे मिशनमध्ये नाव झालं, मान मिळाला. तिथेच सुखानं राहता आलं असतं. पण १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनचा पगार सोडून या माणसानं 'देवाचा दरबार' मांडला. पुढे दोनच वर्षं जगले, पण ती नव्या कामात जगले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं. तेवढ्यावर त्यांचं नाव अजरामर झालं असतं. पण दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्या मुलींनी भरलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ छापून पुरा झाला १९२४ साली. यातल्या कुणी आपल्या आजोबांच्या फोटोंचं दालन केलं का हो? टिळकांनी आणि रमाबाईंनी तर घरादाराचा मोठेपणा मागे टाकला होता!

आता तुमच्या हरकती मला ठाऊक आहेत. पहिली म्हणजे, "बाई, लोक आपल्याला परके समजतात. तेव्हा टिळकांचं नाव घ्यावंच लागतं." मान्य. मीही घेतलं आहे. तरुणपणी शिक्षकांच्या खोलीत एकानं विचारलं होतं, "तुमचे लोक मूळचे कुठले?" मी ताडकन टिळक आणि रमाबाई काढल्या. तो गप्प बसला, मला जिंकल्यासारखं वाटलं. पण आज वाटतं, त्यानं मला माझ्याबद्दल विचारलं होतं आणि मी दुसऱ्याचं प्रशस्तिपत्रक दाखवलं. आजोबांच्या गुणपत्रिकेवर नातू पास होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते पूर्वजांच्या पुण्याईवर नाही. 'सुबोध बायबल' लिहिलं, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरले. २०२४ साली ते गेले. आता त्यांचाही फोटो लावू आणि मोकळे होऊ!

दुसरी हरकत, "काही करायला गेलं की लोक म्हणतात, धर्मांतर करतात." ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मी पत्रकं वाटा म्हणत नाही. अपूर्णांक शिकवा म्हणते. दार उघडं ठेवा, आईबापांना मागच्या सतरंजीवर बसू द्या. आणि घाबरून कुलूपच लावायचं असेल, तर दालनाला तरी पूर्वजांचं नाव देऊ नका. ते घाबरले असते तर आपल्याकडे लावायला फोटोच नसते.

तिसरी हरकत आमच्या दादाची. "आपला धर्मच आठवणीचा आहे. प्रभुभोजन म्हणजे आठवण नाही का?" दादा, आहे. पण ती आठवण कशी करायला सांगितली आहे? भाकर मोडून, आजच्या आज, शेजारच्याला देऊन. काचेच्या कपाटात ठेवून नव्हे. संदेष्ट्यांच्या कबरा शृंगारणाऱ्यांना येशूनं काय सुनावलं ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. मी सांगत नाही, तुम्हीच काढून वाचा.

काचेच्या कपाटावरून आठवलं. आमची आजी बायबलबाई होती, पायी खेडोपाडी फिरायची. तिचं बायबल कुणाकडे राहावं यावरून आमच्या तीन घरांत चार वर्षं अबोला आहे. ते कुणी वाचावं यावरून मात्र एकदाही भांडण झालेलं नाही! सध्या ते माझ्याकडे आहे. भाच्यांनो, ज्याला रोज उघडायचं असेल त्यानं येऊन न्यावं. आणि आजीच्या नावाच्या संगमरवरी पाटीसाठी तुम्ही जे पैसे पाठवणार आहात ते पाठवू नका. वह्या पाठवा.

किल्ली अजून मिळालेली नाही. वार्षिक सभेत पुन्हा मागणार आहे आणि फोटोंच्या यादीतून माझं नाव काढून घेणार आहे. तोवर गेल्या सोमवारपासून माझ्या ओसरीवर साडेपाच ते सात वर्ग चालतो. पहिल्या दिवशी तिघं आली. परवा दोघंच होती. तो मुलगा दोन्ही दिवस होता. अजून अडखळतो, पण ओळ संपल्यावर पहिला शब्द त्याला आठवतो.

माझे गुडघे दुखतात, आवाजही पूर्वीचा राहिला नाही. माझ्यानंतर हे कोण करील ठाऊक नाही. 'पूर्वज' व्हायला मला आता फार दिवस नाहीत! तेव्हा एकच विनंती, माझा फोटो कुठे लावू नका. ओसरीवर येऊन बसा.