प्रार्थना मनापासून हवी, सक्तीने नको



रोज परिपाठाला आपण हात जोडून प्रार्थना म्हणतो. मला ती आवडते. माझ्या शेजारची मैत्रीण मात्र गप्प उभी असते. एकदा मी तिचे नाव गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "काय गं, तुझे डोळे मिटलेले होते ना? मग तुला दिसले कसे?" सगळे हसले. मी मान खाली घातली. मग गुरुजींनी आम्हांला अमेरिकेतली एक हकिगत सांगितली.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी एक लहानशी प्रार्थना तयार केली होती. अवघे २२ इंग्रजी शब्द! सरकारी शाळांत ती रोज सकाळी म्हणत. दहा मुलांच्या पालकांना हे पटले नाही. ते कोर्टात गेले. १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रार्थना रचून ती शाळेत म्हणवून घेणे हे सरकारचे काम नव्हे. १९६३ साली शाळेने रोज करवलेले बायबलवाचनही बंद झाले. पण इतिहास किंवा साहित्य म्हणून बायबलचा अभ्यास करायला न्यायालयाने ना म्हटले नाही.

कोणी म्हणेल, ज्याला नको त्याने गप्प बसावे, एवढे काय त्यात? न्यूयॉर्कमध्येही तशी सूट होतीच. नको असेल त्याने गप्प राहावे, नाही तर वर्गाबाहेर जावे. पण सारा वर्ग आत आणि एकटे पोर बाहेर! याला सूट म्हणायचे की शिक्षा? तुम्हीच सांगा.

मग शाळेत देवाचे नाव काढायचेच नाही का? तसे मुळीच नाही. गणिताचा पेपर हातात पडला की आपण सगळेच मनातल्या मनात देवाला हाक मारतो. ती हाक आपली स्वतःची असते. तिला कोणीही अडवू नये. फक्त शाळेने ती कोणाकडून म्हणवून घेऊ नये.

आपल्या राज्यघटनेतही २८ वे कलम आहे. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही. नुसती सरकारी मदत घेणाऱ्या शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलांना उपासनेला बसवता येत नाही. आपली शाळा जिल्हा परिषदेची. म्हणजे गावातल्या सगळ्यांची, आणि सगळ्या धर्मांच्या माणसांच्या करावर चालणारी. तिथे कोणाही मुलाला परके वाटू नये, असे माझे मत आहे.

मधल्या सुट्टीत मी मैत्रिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मीपण प्रार्थना करते की. घरी, आमच्या पद्धतीने."

आता मी प्रार्थनेच्या वेळी डोळे नीट मिटते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी